मोटारसायकलचं मान्य मूल्य

चावीमास्तरांच्या मोटारसायकलला एकतीस वर्षं पूर्ण झाली, त्या महिन्यात तिच्या विम्याचं नूतनीकरण करायचं होतं. हा प्रसंग दरवर्षी येत असे आणि आल्याचं कुणाच्या लक्षातही येत नसे. मास्तर विमा कंपनीच्या शाखेत जात, खिडकीपलीकडचा माणूस जुना कागद बघून नवा कागद देत असे, मास्तर तो चार घड्या घालून सीटखाली सारत आणि वर्षभर विसरत. यंदा मात्र खिडकी बंद होती. तिच्यावर सूचना चिकटवलेली होती की, ग्राहकांच्या सोयीसाठी ही खिडकी कायमची बंद करण्यात आली असून आपल्या गरजेनुसार संरक्षण निवडण्याचा आनंद ग्राहकांनी यापुढे घरबसल्या घ्यावा.

मास्तरांना घरबसल्या कुठलाच आनंद घ्यायची सवय नव्हती. त्यांचा धंदा लोकांची बंद दारं उघडून द्यायचा. माणूस बाहेर आणि चावी आत, अशी परिस्थिती उद्भवली की त्यांचा फोन वाजायचा. मास्तर अवजारांची पेटी मागच्या कॅरिअरला आवळायचे, एका किकमध्ये गाडी सुरू करायचे, आणि अर्ध्या तासात तो माणूस आपल्या घरात असायचा नि मास्तर पुढच्या दाराशी. चौतीस वर्षांत त्यांनी एकही दार तोडलं नव्हतं. त्यातली एकतीस वर्षं ही गाडी सोबत होती.

फोनवरचा अर्ज त्यांच्या बायकोने उघडला. ती कोर्टात टायपिस्ट होती आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. नोकरीच्या काळात तिने हजारो लोकांची खोटी निवेदनं शुद्धलेखनाची एकही चूक न करता टाइप केली होती. त्यामुळे कुठल्याही कागदाची मागची बाजू आधी वाचायची, ही तिची सवय झाली होती.

"अहो, तुमच्या गाडीचं सालच नाहीये यात," ती म्हणाली. निर्मितीच्या वर्षांची यादी पंचवीस वर्षं मागे जाऊन संपत होती.

"मग शेवटचं टाक. पाच-सहा वर्षांनी काय बिघडतंय?"

"खोटं निवेदन केल्यास पॉलिसी रद्द. पान दोन."

"अगं, गाडी खाली उभी आहे. खरी आहे."

"असेल. यांच्या लेखी ती अजून कारखान्यातून बाहेर पडलेली नाही."

शेवटी साडूंना बोलवायचं ठरलं. साडू म्हणजे मास्तरांच्या मेहुणीचा नवरा. ते विमा एजंट होते. नात्यातल्या झाडून सगळ्यांची वयं, आजार आणि वाईट सवयी साडूंना तोंडपाठ होत्या. त्यात जिव्हाळ्याचा भाग नव्हता, त्यावर हप्ता ठरतो म्हणून. बोलावणं गेलं आणि ते वीस मिनिटांत हजर झाले. बारशाला बोलावलं तर हेच साडू दोन तास उशिरा येत.

"साडूभाऊ, तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत," चहाचा कप बाजूला सरकवून साडूंनी तीन कागद टेबलावर मांडले. "एक, नुसता थर्ड पार्टी. तुम्ही कुणाला ठोकलंत तर त्याला भरपाई. तुम्हाला काही नाही. दोन, सर्वसमावेशक. त्यात तुमची गाडीही आली. चोरी, आग, पूर, अपघात, सगळं."

"मग दोन नंबरचं द्या."

"देतो की. पण तुम्ही घरचे, म्हणून सांगतो. गाडी जुनी झाली की तिच्यावर घसारा बसतो."

"कुठे बसतो? सीटवर आम्ही दोघं बसतो."

"किमतीवर बसतो. पाचव्या वर्षी किंमत निम्मी, दहाव्या वर्षी चतकोर, आणि पंधरा वर्षांनंतर..." साडूंनी तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे एक गोल शून्य होतं. पुढे ओळच नव्हती.

"म्हणजे उद्या गाडी चोरीला गेली तर?"

"कंपनी पूर्ण रक्कम देईल. शून्य. तीस दिवसांच्या आत."

"आणि हप्ता?"

"हप्त्यावर घसारा बसत नाही."

मास्तरांच्या बायकोने पहिला कागद उचलला. "भावजी, हा थर्ड पार्टी करून टाका. कायद्याला एवढंच लागतं. आणि आपली गाडी चोरायची तर चोराला आधी तिची किक शिकून घ्यावी लागेल."

हा सल्ला इतका बरोबर होता की तो मानला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते शून्य मास्तरांच्या डोक्यात गेलं. त्याच सकाळी त्या गाडीवर बसून त्यांनी एका दंतवैद्याचं दार, एका शाळेचं कपाट आणि एका नवऱ्यामुलाची सुटकेस उघडली होती. पहिल्या किकमध्ये सुरू होणारी, भर उतारावर शब्दाबाहेर न जाणारी गाडी, आणि किंमत शून्य! मास्तर स्वतः त्रेसष्ट वर्षांचे होते. तक्त्यातल्या पंधरापुढच्या त्या कोऱ्या जागेकडे ते जरा जास्तच वेळ बघत राहिले.

"तिसरा कागद कसला आहे?" त्यांनी विचारलं.

साडू बहुधा याच प्रश्नाची वाट बघत होते. "ही वारसा वाहन योजना. पंचवीस वर्षांपुढच्या निवडक गाड्यांसाठी. यात घसारा नाही. यात गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी समोरासमोर बसून ठरवता. तिला मान्य मूल्य म्हणतात. आणि साडूभाऊ, यात जुनेपणा हा दोष नाही. गुण आहे."

जुनेपणा हा गुण आहे, असं मास्तरांना गेल्या दहा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी सही केली.

आठवड्याने सर्व्हेअर आला. तो अतिशय सभ्य माणूस होता. गाडीला हात लावण्यापूर्वी त्याने रबरी हातमोजे चढवले, तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि टॉर्च मारून प्रत्येक नटबोल्ट वहीत टिपला. मास्तर मोठ्या उत्साहाने माहिती देत होते. मागचे ब्रेक त्यांनी स्वतः बदलले होते, पूर्वीचे नीट धरत नसत. हॉर्न ट्रकचा होता. क्लचचा दांडा एका जुन्या तिजोरीच्या पितळेतून घासून बनवलेला होता. कॅरिअर लोहाराकडून करून घेतलं होतं.

"वा," प्रत्येक वाक्याला सर्व्हेअर म्हणत होता आणि वहीत फुली मारत होता. शेवटी त्याने बेरीज केली. "मूळपणा अठ्ठावन्न टक्के. योजनेसाठी किमान ऐंशी लागतो."

"पण साहेब, बदललेलं सगळं मूळच्यापेक्षा चांगलं आहे."

"तीच तर अडचण आहे," सर्व्हेअर हळहळून म्हणाला. "तुम्ही गाडीत फार सुधारणा केल्यात."

पुढचे पाच रविवार मास्तर भंगारबाजारात होते. कारखान्याने एकतीस वर्षांपूर्वी बसवलेले आणि एकतीस वर्षांत लोकांनी वैतागून फेकून दिलेले भाग त्यांनी ढिगारे उपसून शोधले. चांगले ब्रेक काढले आणि झिजलेले बसवले. ट्रकचा हॉर्न काढला आणि मूळचा लावला, तो वाजत नव्हता पण त्याच्यावर कारखान्याचा शिक्का होता. लोहाराचं कॅरिअर उतरवलं. पितळी दांडा काढताना त्यांचा हात जरा अडखळला. तो दांडा त्यांनी बायकोच्या बाळंतपणाच्या वेळी इस्पितळाच्या बाकावर बसून घासला होता.

"अहो, तुम्ही गाडी दुरुस्त करताय की बिघडवताय?" बायकोने विचारलं.

"मूळपदावर आणतोय."

दर रविवारी गाडी आधीच्या रविवारपेक्षा वाईट चालत होती आणि दर सोमवारी सर्व्हेअर येऊन टक्के वाढवून जात होता. पाचव्या सोमवारी ती सतराव्या किकला सुरू झाली, तीही धूर ओकत. सर्व्हेअरच्या डोळ्यांत पाणी आलं, धुराचं असावं. "एक्याऐंशी टक्के," तो म्हणाला. "अभिनंदन."

मग शाखेत बोलावणं आलं. शाखाधिकारी बाईंनी मास्तरांना खुर्ची दिली, कॉफी मागवली, आणि तासभर तक्ते चाळून एका चिठ्ठीवर एक आकडा लिहून ती टेबलावरून पुढे सरकवली. मास्तरांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मग तिची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं. घरी आल्यावर त्यांनी ती बायकोला दाखवली. ती खाली बसली.

"एवढे?" ती म्हणाली. "मग आजपासून तिला पावसात उभी करायची नाही."

योजनेचंही तेच म्हणणं होतं. नियम चार: वाहन बंद, कोरड्या खोलीत ठेवावं. मास्तरांच्या तळमजल्यावरच्या घरात खोल्या दोनच होत्या. एक स्वयंपाकाची, दुसरी झोपायची. स्वयंपाकघरात गॅस असल्यामुळे ते आगीच्या जोखमीखाली येत होतं. तेव्हा मोटारसायकल झोपायच्या खोलीत गेली आणि मास्तर पतिपत्नी स्वयंपाकघरात आले. त्यांच्या झोपण्याने आगीची जोखीम वाढते किंवा कसं, याबद्दल नियम काही बोलत नव्हता. त्यांचं मान्य मूल्य ठरलेलं नव्हतं.

नियम पाच: खोलीस कंपनीमान्य कारागिराने बसवलेलं कंपनीमान्य कुलूप असावं. कंपनीमान्य कारागीर आला. गुळगुळीत दाढीचा, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस होता. त्याने दीड तास खपून कुलूप बसवलं आणि वळून मास्तरांना सांगितलं की, हे कुलूप जगात कुणाला उघडता येणार नाही. मास्तरांनी धंद्याच्या सवयीने, कुठलाही वाईट हेतू मनात नसताना, बायकोच्या केसांतली पिन घेतली. कारागिराला आपल्या पिशवीची चेन लावायला जेवढा वेळ लागला, त्याच्या आत कुलूप उघडलं.

कारागिराने इमानदारीने तसा अहवाल दिला. शाखेतून फोन आला. "अर्जात व्यवसाय या रकान्यात तुम्ही 'कुलूपकाम' लिहिलंय," शाखाधिकारी बाई म्हणाल्या. "ते आम्ही कुलपं बनवणारे असं समजलो होतो."

"बनवत नाही, उघडतो. पण मॅडम, मी माझीच गाडी कशाला चोरीन?"

"मूल्य शून्य असताना नसती चोरली. आता मूल्य आहे."

हे मास्तरांनाही पटलं, आणि आपल्याला ते पटलं याचंच त्यांना वाईट वाटलं. दुसरं कुलूप आलं, तिसरं आलं. मास्तरांनी ती उघडायची नाहीत असं ठरवलं होतं, पण कंपनीने चाचणी म्हणून उघडायला लावली आणि मास्तरांना मुद्दाम हरणं जमेना. अखेर कुलपावर शाखेच्या शिक्क्याचं कागदी सील चिकटवण्यात आलं. सील फाटलं तर योजना रद्द. गाडी बाहेर काढायची तर आठ दिवस आधी अर्ज करायचा. मग शाखेचा माणूस येऊन सील काढणार. तेही फक्त प्रदर्शन, देखभाल किंवा मिरवणूक या तीन कारणांसाठी. धंद्यासाठी सक्त मनाई.

"भावजी, मग यांनी कामाला जायचं कशावर?" मास्तरांच्या बायकोने साडूंना विचारलं.

"ताई, एवढ्या किमतीची गाडी कुणी कामाला नेतं का?"

मास्तर बसने जाऊ लागले. दाराबाहेर अडकलेला माणूस बसची वाट बघण्याच्या मनःस्थितीत नसतो. मास्तर पोचेपर्यंत कुणी शेजाऱ्याने दाराला खांदा दिलेला असे, कुणी खिडकीची काच फोडलेली असे. एका बाईंनी तर त्यांना दारातच, तुटलेल्या दारातच, पाण्याचा पेला देऊन परत पाठवलं. महिन्याभरात फोन निम्म्यावर आले. मास्तर ओट्याला टेकून बसत आणि अधूनमधून खिशातली चिठ्ठी काढून बघत. पूर्वी ते दोघं संध्याकाळी गाडीवरून नदीच्या पुलापर्यंत जात, कठड्याला टेकून उभे राहत आणि परत येत. आता संध्याकाळी बायको सीलबंद दाराकडे बघून म्हणायची, "आत बरी आहे ना हो?" तिच्या आवाजात काय होतं, ते मास्तरांना नेमकं कळत नसे.

एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला. बाजारापलीकडच्या इमारतीतली एक बाई होती. तिला धड बोलता येत नव्हतं. ती कचरा टाकायला दोन पावलं बाहेर आली, तेवढ्यात तिच्या दोन वर्षांच्या मुलीने आतून दार लोटलं. लॅच बसलं. चाव्या आत, मुलगी आत, गॅसवर दूध. दार लोखंडी, खिडक्यांना गज.

"अग्निशमनवाल्यांना फोन केलात?"

"केला हो. ते निघालेत, पण पुलावर वाहतूक तुंबलीय म्हणतात. दादा, तुम्ही या. आतून धूर येतोय."

अंतर चार किलोमीटर. बस वीस मिनिटांनी. मास्तर पेटी उचलून सीलबंद दारापाशी आले. कुलूप उघडणं हा त्यांच्या डाव्या हाताचा खेळ होता. त्यांनी हात पुढे केला आणि तो सीलपाशी येऊन थांबला.

फार वेळ नाही. एक, दोन, तीन मोजावेत एवढाच. चौतीस वर्षांत कुठल्याही दारापुढे तो हात असा थांबला नव्हता.

मागून दुसरा हात आला आणि सील टरकन फाटलं. "बघताय काय?" बायको म्हणाली. "किक मारा."

एकविसाव्या किकला गाडी सुरू झाली. पेटी बांधायला कॅरिअर नव्हतं, म्हणून बायको पेटी मांडीवर घेऊन मागे बसली. हॉर्न वाजत नव्हता, म्हणून तिने तेही काम अंगावर घेतलं. "बाजूला व्हा! ब्रेक नाहीयेत! अहो काका, बाजूला!" कोर्टाच्या शांततेत आयुष्य काढलेल्या बाईचा आवाज एवढा मोठा असेल, हे मास्तरांना संसाराच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. काय झालं ते बघायला बाजारातले लोक मागे धावू लागले. आधी दहा-बारा, मग दुकानं उघडी टाकून पाच-पन्नास.

इमारतीच्या फाटकाशी मास्तरांनी ब्रेक दाबला. मूळचे ब्रेक मूळच्याच स्वभावाला जागले. गाडी फाटकाच्या खांबावर आदळली, दिव्याची काच फुटली, आरसा उडाला, मडगार्ड दुमडलं. मास्तरांचा गुडघा फुटला. बायकोने पेटी छातीशी घट्ट धरली होती, ती वाळूच्या ढिगावर बसल्यासारखी पडली आणि पेटी पुढे करून ओरडली, "तुम्ही व्हा पुढे!"

मास्तर लंगडत तीन जिने चढले. दाराच्या फटीतून धूर येत होता. त्यांनी पत्र्याची पट्टी फटीत सारली, डोळे मिटले, मनगट अर्धा इंच वळवलं. खटका मागे सरला. दुधाचा कोळसा झाला होता, भांडं लाल झालं होतं आणि वर टांगलेल्या फडक्याने नुकताच पेट घेतला होता. मुलगी ओट्याखाली बसून चाव्यांचा जुडगा चोखत होती. तिची आई तिला उराशी धरून जमिनीवरच बसली. मास्तरांनी गॅस बंद केला आणि पेटलेलं फडकं ओढून पाण्यात बुडवलं.

मास्तरांनी पैसे घेतले नाहीत. जिना उतरताना ते मागून वर आलेल्या बायकोला म्हणाले, "मी थांबलो होतो गं."

"मी बघितलं," ती म्हणाली. "मीही मनात आकडा म्हटला आधी, मग फाडलं."

पुढे काय करायचं हे बायकोने रस्त्यातच ठरवलं. घरी येऊन तिने जुना टाइपरायटर काढला आणि भरपाईचा दावा टाइप केला. चौथ्या दिवशी दोघं शाखाधिकारी बाईंसमोर बसले.

"तुम्ही सील फाडलंत," बाई म्हणाल्या.

"तातडीची देखभाल," मास्तरांची बायको म्हणाली. "शिवाय वाहनाचा वापर मिरवणुकीसाठी झाला. नियम सहा."

"मिरवणूक?"

"पुढे सजवलेलं वारसा वाहन, मागे पन्नासेक माणसं, घोषणा चालू. साक्षीदारांच्या सह्या जोडल्या आहेत."

बाईंनी सह्या मोजल्या. "मिरवणुकीची परवानगी?"

"उत्स्फूर्त होती."

"मिरवणुकीचा वेग ताशी दहा किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. नियम नऊ."

"कमी करायला गेलो मॅडम," मास्तर म्हणाले. "ब्रेक लागले नाहीत."

"का नाही लागले?"

"मूळचे होते."

बाईंनी फाइलमध्ये नोंद केली: 'ब्रेक मूळचे. समाधानकारक.' मग पेन खाली ठेवून त्या थोडं पुढे झुकल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्या माणसासारख्या बोलल्या. "ती मुलगी बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मलाही एक नात आहे तेवढी," त्या म्हणाल्या, आणि दावा नामंजूर केला. कारण सीलचं नव्हतं, वेगाचंही नव्हतं. दिव्याची काच, आरसा आणि मडगार्ड नष्ट झाल्यामुळे वाहनाचा मूळपणा एकोणऐंशी टक्क्यांवर आला होता. म्हणजे अपघात झाला त्या क्षणी वाहन योजनेबाहेर गेलं होतं, आणि योजनेबाहेरच्या वाहनाच्या अपघाताशी कंपनीचा संबंध नव्हता. पत्राच्या शेवटी विश्वासाबद्दल आभार मानले होते.

त्या रविवारी मास्तरांनी पलंग जागेवर नेला, गाडी अंगणात आणली आणि काढून ठेवलेले सगळे भाग पुन्हा बसवले. थर्ड पार्टी विमा साडूंनी शाखेतल्या मागच्या टेबलावर पाच मिनिटांत करून आणला.

"अहो, साल यादीत नव्हतं ना?" मास्तरांनी विचारलं.

"हातानेही लिहिता येतं की," साडू म्हणाले. "पण त्यात एजंटला काही सुटत नाही."

महिन्याभरात शाखेच्या काचेवर एक मोठं पोस्टर लागलं. त्यात मास्तर होते, कडेवर ती मुलगी होती आणि मागे खांबाला टेकलेली गाडी होती. कुणा शेजाऱ्याने त्या दिवशी काढलेला फोटो कंपनीने मिळवला होता. वर लिहिलं होतं, 'वारसा जपणाऱ्यांच्या पाठीशी, सदैव.' मास्तरांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की पोस्टर म्हणजे दावा नव्हे, त्यामुळे त्याला नियम लागू नाहीत.

पोस्टरमुळे मास्तरांना जो तो विचारू लागला. मास्तर मोकळा माणूस. त्यांनी कुणापासून काही लपवलं नाही. दंतवैद्याला सांगितलं, शाळेच्या मुख्याध्यापिकेला सांगितलं, भंगारवाल्याला सांगितलं. झिजलेले ब्रेक, ओट्याखालची झोप, पिनेने उघडलेलं कुलूप, वाया गेलेला महिना, सगळं सांगितलं. आपला हात सीलपाशी थांबला होता, हेसुद्धा सांगितलं. लोक पोट धरधरून हसले. काय एकेक मूर्ख असतात, म्हणाले. आणि हसून झाल्यावर डोळे पुसत, जरा जवळ सरकून, प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: "पण मास्तर, त्या चिठ्ठीवर आकडा किती होता?"

मास्तर आकडा सांगत. आणि दुसऱ्या दिवशी साडूंचा फोन वाजे. दंतवैद्याने सासऱ्यांची स्कूटर बैठकीत नेली आहे. मुख्याध्यापिका सध्या गच्चीवर झोपतात. भंगारबाजारात झिजलेले ब्रेक आता चांगल्या ब्रेकपेक्षा महाग मिळतात, आणि तेही मिळत नाहीत.

मास्तरांनी तो आकडा आम्हालाही सांगितला. इथे तो मुद्दामच दिलेला नाही. चिठ्ठीचा उल्लेख आला तेव्हा आपल्याकडून एखादी ओळ सुटली की काय, असं वाटून तुम्ही मागे जाऊन शोधलंत. सुटलेलं काही नाही.

तुमची गाडी कुठल्या सालची? साडू विचारत होते.